पोटावरची माती

इरम्मा – काळं फडकं कशाला घेतलंस, धुरपदा? पांढरं घे म्हणलं होतं मी.

धुरपदा – पांढरं कुठून आनू, अक्का? जुन्या चंद्रकळेचा तुकडा व्हता, त्यातच बांधली माती. रोजच्यावानी रातभर पोटावर ठिवली, काल पहाटं सोडून वाकळंखाली सरकवली आन् गेले दुष्काळी कामावर खडी फोडाया. सासूनं वाकळ झटकली. झालं! सुनंच्या हातरुनात भानामती घावली म्हून वरडत सुटली गल्लीनं.

इरम्मा – शिवा शिवा! आटलेल्या तळ्यातली माती ती. तिची कसली भानामती?

धुरपदा – फडक्याच्या टोकाला तुमी दिलेले काळे तीळ व्हते. तीळ आन् माती, म्हंजी मसनातलीच, असं ठरलं समद्यांचं. आज दिवस बुडायला देवरुशी येतोय. पारावर बशिवनार मला, आन् कुनी केली त्येचं नाव काढून घेनार.

इरम्मा – आन् माती कुणी दिली ते गल्लीला ठाऊकच आहे.

धुरपदा – न्हाय कसं? म्या तुमच्याकडं येती-जाती ते बघत्यात की बाया. अक्का, गेल्या साली पलीकडल्या गावात त्या म्हातारीचे दात पाडले दगडानं. मंतर म्हनता येऊ ने म्हून. तुमी जावा कुठं तरी. पाया पडते तुमच्या.

इरम्मा – बस आधी. घाम बघ कसा सुटलाय. झोप लागती का आता?

धुरपदा – लागली बघा! माती बांधली तवापसनं डोळ्याला डोळा लागला. न्हायतर म्हैनोन् म्हैने नुसती तळमळ. आन् काय बाई तुमी! जिवावर बेतलंय, आन् झोपंचं इचारताव!

इरम्मा – मलाबी असंच झालं होतं बघ. रंडकी बाई मी, कुणाला सांगू? माहेरी गेले. तिथं एक मास्तर होते निसर्गोपचाराचे. त्यांची बायको म्हणली, इरम्मा, हा रोग न्हाय. बाईचं वय झालं की पाळी जाती, जाताना अंगाला त्रास देती. बाटलीतलं औषध नको. पोटावर ओली माती ठेव. तिखट बंद, च्या बंद. तीळ चावून खा. आन् रोज थोडा वेळ गार पाण्यात कमरंपतूर बस.

धुरपदा – बस म्हनं! हितं प्यायला घागर मिळंना.

इरम्मा – म्हणून तर तुला मातीच सांगितली. अर्ध्या तांब्यात भिजती.

धुरपदा – पान्यानंच घात केला माझा. त्या दिशी खडीवर टँकर आला, आन् अंगातनं असा जाळ उठला, असा उठला, की भान ऱ्हायलं न्हाय. लुगड्यासकट पाइपाखाली जाऊन हुबी ऱ्हायले. साऱ्या बायांचं पानी भुईत गेलं. शिव्या तर किती खाल्ल्या! तवापसनंच म्हनाया लागले, हिच्यात काय तरी शिरलंय. मग गुरांच्या छावणीत आमचा बैल मेला. त्येचा आळबी माझ्यावरच आला.

इरम्मा – मग सांग की पारावर. वयामुळं होतंय म्हणावं.

धुरपदा – अवो, थोरले दीर बसत्यात तिथं! जावई येनार हाय. त्यांच्या म्होरं हे तोंडातनं काढू? लाजंनं मरून जाईन म्या.

इरम्मा – नवऱ्याला तरी?

धुरपदा – जनम गेला, तरी असलं बोलनं न्हाय आमच्यात. बाहेर बसले की त्येंनी वळखायचं, तेवढंच.

इरम्मा – गप. कोण तरी आलं बघ.

(उंबऱ्यात बब्रुवान, धुरपदाचा नवरा. एरवी अक्का म्हणून हाक मारून आत यायचा. आज दार ढकलून तसाच उभा राहिला.)

बब्रुवान – हितंच येऊन बसलीस? गाव आधीच बोलतंय, त्यात हिची पायरी चढलीस!

इरम्मा – ही कोण रे, बब्रू? परवापतूर अक्का होते की मी. तुझ्या दोन्ही लेकींची नाळ ह्या हातानं कापली.

बब्रुवान – त्येच्यामुळंच आलोय, अक्का. दिवस बुडायच्या आत शरणम्माकडं निघा. तुमची लेक हाय, ठिवून घील. मानसं तापल्यात. माझ्यानं आवरायची न्हाईत.

इरम्मा – पळाले म्हंजे मीच केली, असं झालं. उद्या लेकीच्या दारात येतील.

धुरपदा – मालक, भानामती न्हाय ती. म्या सांगते.

बब्रुवान – तू काय सांगतीस?

धुरपदा – माझी पाळी चाललीय. दोन-दोन म्हैने येत न्हाय, आली की थांबत न्हाय. अंगाची आग हुती, उगंच रडू येतंय. अक्कानं इलाज सांगितला. माती आन् तीळ, बस्स. दुसरं काय न्हाय.

बब्रुवान – हळू बोल! भाईर मानसं हाईत.

इरम्मा – तुझी आईबी ह्या वयात पहाटं न्हाणीत बसून रडायची. मी समजूत घालायचे तिची. इचार जा.

बब्रुवान – आईनं कधी सांगितलं न्हाय.

इरम्मा – कुणी इचारलं होतं?

बब्रुवान – खरं असंल, अक्का. न्हाय म्हनत न्हाय म्या. पर देवरुशाला काय म्हनू? माझ्या बायकूची... हितं तुमच्या म्होरंबी जीभ वळंना. साऱ्या गावात फजिती हुईल माझी. उद्या खडीवर गेलो की पोरंसोरं हसतील. त्यापरीस भानामती बरी. त्यात इज्जतीला धक्का न्हाय.

धुरपदा – तुमच्या इज्जतीला न्हाय. दात अक्काचे जानार.

बब्रुवान – म्हून तर म्हनतो, निघा.

इरम्मा – जाऊ दे, धुरपदा. ऱ्हायलेत किती दात! ज्वारी तर मिळंना. रेशनचा लाल मिलो शिजवून गिळायला दात कशाला लागत्यात?

धुरपदा – न्हाय. तुमी हलायचं न्हाय. म्या जाते पारावर. माती कुनाची म्हनला, तर म्हनंन माझी. माझ्या हातानं तळ्यातनं आनली, माझ्याच पोटावर बांधली. कुनी दिली न्हाय, कुनी केली न्हाय.

बब्रुवान – येडी झालीस का? मग तुलाच करणीवाली ठरवतील! दगड तुझ्या तोंडावर यील.

धुरपदा – येऊ द्या. तवा तरी तुमी उठताल का?

बब्रुवान – काय?

धुरपदा – त्येंनी दगड उचलल्यावर. तवा तरी चारचौघांत सांगताल का, हिनं माती कशापायी बांधली ते?

इरम्मा – बब्रू, बायको काय इचारती?

बब्रुवान – हलगी वाजाया लागली. देवरुशी आला जणू. चल.

धुरपदा – सांगा की. तेवढं कळलं की म्या मुकाट येते.

बब्रुवान – डोक्यावरनं पदर घे. पारावर मानसं बसल्यात.