हद्दीचा दगड

आमच्या गावची मोजणी एका दिवसात कशी उरकली, ते सांगते. सरकारनं आमचं शिवार औद्योगिक पार्कच्या पट्ट्यात घातलं, तेव्हा गावानं एकच ठरवलं होतं. हद्दीचा एक जरी खरा दगड सापडला तरी सगळी मोजणी जुळते आणि जमिनी जातात, म्हणून मोजणीच्या साहेबांना दगड कुणीच दाखवायचा नाही.

पण सामाईक बांधावरून पप्पा आणि धाकटे काका पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. साहेबांनी अंदाजानं झेंडी रोवली, ती आमच्या उसात हातभर आत. काका नुसते हसले.

"साहेब, झेंडी चुकली," पप्पा म्हणाले.

"पप्पा, नको ना," मी हळूच म्हटलं.

"तू गप. हातभर रान काय फुकट हाय व्हय?"

त्यांनी कुदळ घेतली आणि बांधात गाडलेला दगड स्वतः उकरून दाखवला.

"बरं झालं, पावणं," साहेब म्हणाले. "आता इथनं सगळ्यांची मोजणी लागंल."

दिवस मावळेपर्यंत शिवारभर झेंड्या लागल्या. पप्पा बांधावरून उठलेच नाहीत. शेवटी काका जवळ आले.

"जिंकलास की, दादा."