पृथ्वीची बाजू घेणारी मुलगी

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या विद्यापीठाचे कुलगुरू महोदय; माझ्या शेजारी बसलेले विभागप्रमुख; माझे सहकारी, निवृत्त झालेले आणि होऊ घातलेले; आणि लवकर सटकता यावं म्हणून शेवटच्या रांगा धरून बसलेल्या माझ्या विद्यार्थिमित्रांनो,

आज माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकलं, की दोनदा वाटलं, सत्कार दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. पुष्पगुच्छाबद्दल मनापासून आभार. विभागप्रमुखांनी मघाशी अभिमानानं सांगितलं, की आपल्या प्रयोगशाळेत मुलांची उत्तरं पुस्तकाशी तंतोतंत जुळतात. खरं आहे ते. मी साक्षीला आहे. मला आज त्याविषयीच बोलायचं आहे.

दोलकाचा प्रयोग आपल्यापैकी पुष्कळांनी केला असेल. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे, घड्याळ लावून वेळ घ्यायची आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते ते काढायचं. पुस्तकातलं उत्तर नऊ पॉइंट आठ. आमच्या खिडकीजवळच्या टेबलावरचं घड्याळ मात्र हळू चालतं. त्यावर येतं साडेदहा. मग मुलं काय करतात? वरच्या वर्गातली खालच्यांना पहिल्याच दिवशी शहाणं करून सोडतात. "झोके कसले मोजतोस? उत्तर आधी लिही आणि तिथून मागे मागे ये." भौतिकशास्त्राच्या शिक्षणाचा हा श्रीगणेशा! निसर्गाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर आपणच देऊन टाकायचं.

एक मुलगी मात्र उत्तरापासून अशी मागे मागे आली नाही. शिंप्याची मुलगी. सकाळी वर्गात, दुपारनंतर वडिलांच्या दुकानात. हातात काजं-बटणं आणि मांडीवर पुस्तक. तिनं परीक्षेत साडेदहा लिहिलं.

परीक्षक म्हणाले, "काय हो, तुमच्यासाठी पृथ्वी बदलली वाटतं?"

"पृथ्वी नाही सर. घड्याळ."

नापास. पुढच्या वर्षी तेच टेबल, तेच घड्याळ, तेच उत्तर. पुन्हा नापास. वर्गात तिचं नावच पडलं 'साडेदहा'. "साडेदहा आली रे! जपून, पडलात तर जोरात पडाल!" तिच्याबरोबरची नऊ पॉइंट आठवाली मुलं आज नोकरीला आहेत. काही तर भौतिकशास्त्र शिकवतात. चिकाटीवर आपण दरवर्षी भाषणं देतो. ती समोर येऊन उभी राहिली, की तिला हट्ट म्हणतो.

मी दुसरं घड्याळ नेऊन विभागप्रमुखांसमोर दोन्ही शेजारी शेजारी चालवून दाखवली. ते हसले. "मॅडम, याच घड्याळावर बाकी सगळ्यांचं बरोबर येतं. मग दोष कुणाचा?"

ऐकलंत? ज्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही, त्यांची उत्तरं हा घड्याळ चांगलं असल्याचा पुरावा! मग मी परीक्षा समितीकडे गेले. समिती निदान स्पष्टवक्ती निघाली. "घड्याळ खोटं ठरवलं, तर इतक्या वर्षांचे निकाल खोटे ठरतील. आणि हे सगळं एका मुलीसाठी?"

होय, एका मुलीसाठी. सगळ्या गावानं हात वर करून ठराव केला म्हणून सुटलेला गोळा हवेत थांबतो का?

उद्या सकाळी तिची शेवटची संधी आहे. नापास झाली, तर नियमाप्रमाणे पदवी गेली. टेबल खिडकीजवळचंच. काल ती वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. ते खुर्चीवर बसेचनात. "मॅडम, तुम्हीच समजवा हिला. मी म्हटलं, लिही नऊ पॉइंट आठ, तुझ्या बापाचं काय जातंय? पृथ्वी काय तुझी मावशी लागते, एवढी बाजू घ्यायला?"

"मावशीची एवढी घेतली नसती, बाबा."

"बघा! तोंड बघा हिचं!"

मग ती माझ्याकडे वळली. हसू मावळलं होतं. "मॅडम, तुम्ही लिही म्हणालात तर लिहीन. खरंच लिहीन. फक्त तुम्ही म्हणा."

बापाच्या चेहऱ्याकडे पाहून काल माझ्यानं उत्तर देववलं नाही. आज सगळ्यांसमोर देते. ती तिथं, खांबाला टेकून उभी आहे. पोरी, तुला जे दिसेल तेच लिही.

आणि कुलगुरू महोदय, उद्यापासून मी या विद्यापीठाची कुणी नाही. म्हणजे मला गप्प बसवणारंही कुणी उरलं नाही. मी माझं घड्याळ घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहीन. ज्यांना तिला नापास करायचं असेल, त्यांनी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून, तिच्या बापादेखत करावं.

निरोपाच्या दिवशी असं कडू बोलू नये म्हणतात. तरी आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मी आपली क्षमा मागते. तिची क्षमा कुणी मागायची, ते उद्या सकाळपर्यंत व्यासपीठानं ठरवावं.