कृष्णेत पडलेली पाटली

लष्कराच्या भंगारातून मी सुरुंग शोधायचं यंत्र दुकानात आणलं, तेव्हा अख्खी साताऱ्याची पेठ मला हसली. पण मी निवडून घेतलं होतं, बरं का! पेटी खांद्याला अडकवायची आणि नुसती थाळी पाण्यात बुडवायची, असं ते एकच होतं. थाळीचे सांधे मी मेणानं बुजवले.

त्याच उन्हाळ्यात उंब्रजच्या एका वहिनींची सोन्याची पाटली ओटी वाहताना कृष्णेत पडली. पाणी गुडघाभर, पण गाळ लय. मी यंत्र घेऊन पोचलो, तर त्यांचे फौजेतून आलेले हवालदार दीर म्हणाले, "शेठ, नदीत सुरुंग हाय व्हय?"

तेवढ्यात यंत्र वाजलं. हवालदारांनी गाळ चाचपला, तर नाणं! वहिनींनी हात जोडून ते परत पाण्यात टाकलं. पुन्हा यंत्र वाजलं, पुन्हा तेच नाणं.

हवालदार म्हणाले, "आवं वहिनी, तुमी टाकताय आन् आमी तेच हुडकतोय!"

"कृष्णामाईला वाहिलेलं घरी कसं न्यायचं?"

"न्यायचं न्हाई. पाटली घावस्तवर पदरात ठेवा, मग तुमच्याच हातानं वाहा."

पदर जड होत गेला, आणि एकदम हवालदार ओरडले, "शेठ, घावली!"

वहिनींनी डोळे पुसले, नाणी नदीला वाहिली, पेटीला कुंकू लावलं आणि वर शिंपडायला ओंजळभर पाणी घेतलं.

"पाणी तेवढं नको!" मी पेटी छातीशी धरली.

दुकानात आल्यावर मी थाळी धुतली, सेल काढले, सगळं यंत्र पुसलं. कुंकू मात्र पुसलं नाही. ती बाजू पेठेकडं करून यंत्र दारातच ठेवलं.