बारशाचा फोटो

...नाई नाई, खिडकीवरच्या मॅडमवर माहा राग नाई, तुमाले सांगतो, ते बिचारी काय करन, जे कम्प्युटरमंदी नाई ते कुठून आनन! पन चौथा गुरुवार हाय हो हा माहा! सरका थोडं, बसू द्या. हा फोटो धरा जरा, काच हाय. तुमचा नंबर कितवा? एकोनतीस? माहा अठ्ठावीस. मंग ऐका आरामात, तेवीसवरच गाडी अडेल हाय.

ही माही पोरगी, अर्पिता. पाचवीत हाय. उनानं जीव चालला तरी तोंडाचा स्कार्फ काढत नाई. जन्मली तवा वरचा ओठ फाटेल होता, पार नाकापर्यंत. दहा महिन्याची असताना फुकटच्या शिबिरात शिवला. चांगला शिवला, मी नाव नाई ठेवत. पन पोरगी वाढली, ओठ वाढला, टाका कुठं वाढते! खाच राह्यली. पानी पेली का डावीकून गळते. आता शाळा बदलली, सारे पोट्टे नवे... डबा खाते तं भिंतीकडं तोंड करून, एकटी. डॉक्टर पाहून म्हनले, "अर्ध्या तासाचं काम आहे, दुरुस्त करून टाकू. सरकारी योजनेत फुकट होईल, खिडकीवरून ऑपरेशनचा कोड घ्या." कोड! मले वाटलं चिठ्ठी असन.

गेलो खिडकीवर. मॅडम म्हनल्या, "दादा, पहिला कोड फाटलेल्या ओठाचा. हिचा शिवलेला आहे. कोड बसत नाही." म्हनलं, मंग शिवलेल्याचा द्या! "तो दुरुस्तीचा. त्याला पहिल्या ऑपरेशनचा कागद लागतो." आता शिबिरात कागद कोन देते हो? एक केळं देल्लं, बिस्किटचा पुडा देल्ला, अन् पोरगी देल्ली वापस! "मग कोड बसत नाही." म्हनलं, मॅडम, मी बाभुळगावले विहिरीवरच्या मोटारीची वायंडिंग करतो. जळेल मोटार आली का भरून देतो. पहिल्यांदा कोनं भरली, कागद दाखव, असं मी म्हनत बसलो तं लोकाइचे वावरं वाळून जातीन! मॅडम हसल्या. मानूस चांगला हाय, सांगून राह्यलो ना! म्हनल्या, "एक मार्ग आहे. ऑपरेशनच्या आधीचा फोटो आणा. फाटलेला ओठ दिसला की मी वर पाठवते."

फोटो! इथंच तं माहा घात झाला.

मोबाईलमंदी तवाचा एक फोटो नाई. काहून नाई काढला? तुमी काढला असता? माही बायको बबिता पोरीले चमच्यानं दूध पाजे, अन् कोनी दारात आलं का पदर टाके तिच्या तोंडावर. फोटो एकच, बारशाचा, खेमसिंगच्या स्टुडिओतला. हाच, तुमच्या हातात हाय तो. पाहा... ओठ पाहा! कुठं हाय फाटेल? मीच म्हनलं होतं खेमसिंगले, "भाऊ, बबिता रडून राह्यली, एवढा ओठ जोडून दे." त्यानं जोडला! असा सफाईनं जोडला का पुढं डॉक्टरलेही तसा नाई जमला! दहा महिने बबितानं ह्या फोटोकडं पाहूनच काढले हो.

हाच आनला मागच्या गुरुवारी. मॅडमनं चष्मा पुसला, फोटो पाहिला, पोरगी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. "दादा, यात तर ओठ चांगला आहे. कोड बसत नाही."

मंग गेलो खेमसिंगकडं. म्हनलं, जोडायच्या पहिलेचा फोटो काढून दे. तो म्हने, "सुनीलभाऊ, वो कम्प्युटर तो कब का भंगार में गया. पन टेन्शन कायले घेता? मी जोडला, मीच फाडून देतो! दोन मिनट!" अन् बसला ना माऊस घेऊन! हा फोटो स्कॅन केला, पोरीचं तोंड स्क्रीनभर मोठं केलं अन् मले इचारते, "कोन्या बाजूनं फाटेल होता, भाऊ?"

बाजूले अर्पिता उभी होती. हिनं स्कार्फ खाली केला, सोताच्या ओठावर बोट ठेवलं अन् म्हनते, "डावीकून, काका. इथपर्यंत फाडा."

उठलो मी. म्हनलं, बंद कर रे बाप्पा तुहा कम्प्युटर! खोटं काम हाय म्हनून उठलो असं नाई, तुमाले खरं सांगतो, इमानदारीचं नाव कायले घेऊ... पाहवलंच नाई मले. अन् ही बाहेर येऊन माह्यावरच भडकली, "बाबा, दोन मिनटाचं काम होतं!" होतंच ना! आता आठ दिवस झाले, बोलत नाई माह्यासंगं. पाहा कशी बसली हाय, भिंतीकडं तोंड करून.

काय म्हनता? आज काय नवीन आनलं? काई नाई हो. घरात बसवत नाई म्हनून येतो. मॅडम कम्प्युटरमंदी पाहते, मान हालवते... कोड बसत नाई. ते मले आता पाठ झालं हाय.

अठ्ठावीस? हो, हो, आलो मॅडम! द्या तो फोटो इकडं. चाल अर्पिता, ऊठ... चाला, फोटोतली अन् ही, दोघी पोरी घेऊन जातो खिडकीवर. एकीचा तरी कोड बसन.