वाटेवरचा फणस

नाही, नाही, गुणाजी, तिथे नको — बुजव तो खड्डा. कळतंय मला, तिसऱ्यांदा बुजवायला सांगत्येय, पण फणस म्हणजे काय आज लावला नि उद्या उपटला असं आहे? विहिरीपासून चार हात सरक. अरे, पण तिकडे माडाची सावली — मग चिकू घालू तिथे? चिकूला चालेल? नाहीच चालायची. हाताच्या पंजाएवढी जागा वाटणीला आली, त्यात ह्यांना हापूसही हवा, रातांबाही हवा, नि फणस तर अगदी ह्या वाटेवरच हवा. पावसाची मांडव्याची लाँच बंद, म्हणून मुंबईत बसून पत्रातून हुकूम — 'दादाच्या घराकडची पायवाट मोडेल असा फणस लाव.' दादा म्हणजे ह्यांचे सख्खे थोरले भाऊ! नि वाट ती केवढी, आमच्या मागच्या दारातून निघते नि कुमुदवहिनींच्या पडवीत शिरते, वीस पावलं. माझ्या बाळंतपणात दिवसातून दहादा आल्या असतील त्या ह्याच वाटेने, पदराखाली काहीबाही झाकून घेऊन — तू खण. थांबू नको.

तू दादांकडेही जातोस ना रे कामाला? काल गेला होतास? काही विचारत होत्या वहिनी? — नाही ना. कशाला विचारतील! दोन वर्षं झाली, महाराष्ट्र झाला त्या साली वाटण्या झाल्या, नि त्याच पावसात आमचं हापूसचं कलम मेलं, तेव्हापासून. मामंजींनी जाण्याआधी स्वतःच्या हाताने दोन कलमं बांधली होती — एक दादांना, एक ह्यांना. दादांचं बघ, कुंपणापलीकडे, माझ्या डोक्यावर गेलंय. आमचं आठ दिवसांत पान न् पान करपलं. मी म्हटलं, कुणीतरी कढत पेज ओतली मुळात. कुणीतरी म्हणजे कोण, ते काय सांगायला लागतं? वहिनी तुळशीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, 'अनुसूया, मी नाही गं ओतली.' एवढंच. पुढे भाऊ-भाऊ जे बोलले ते अख्ख्या आळीने ऐकलं, तूही ऐकलं असशील —

अरे अरे अरे! ती टोपली कशाला ओततोस? मासळीचं खत नको रोपाला! काढ, काढ आधी ते. माडाला घाल हवं तर. कोवळी मुळं असतात, खारवलेल्या मासळीच्या कुटाने जळून जातात, आठ दिवसांत पान करपतं — मला कसं ठाऊक म्हणजे? वेणूबाईने सांगितलंन्, थळची कोळीण, तीच देते ना टोपली. 'माडाला घाल गो बाय, कलमाला नको, जलून जाईल' — तेव्हाच सांगितलंन्, पण मला कुठला दम! दादांच्या आधी आमच्या कलमाला आंबा धरायला हवा — चांगल्या दोन टोपल्या मी —

असा बघू नकोस माझ्याकडे.

मला तरी कुठे खरं वाटलं होतं तिचं तेव्हा! भांडण झालं, नि तिसऱ्या दिवशी मी ते वाळकं खोड उपटलं, तर मुळं काळी ठिक्कर, नि हाताला वास मासळीचा. कुणी बघायच्या आत समुद्रात नेऊन टाकलं. सांगणार होते रे. पण तोवर ह्यांनी दादांशी बोलणं टाकलंन्, मग म्हटलं दिवाळीला सांगू, मग संक्रांतीला — तिळगूळ पुडीत बांधून ह्याच वाटेने अर्ध्यापर्यंत गेले होते मी, नि परत आले. लोक म्हणतात कुमुदबाईने दिराचं झाड मारलंन्, नि ती बाई गप्प बसून ऐकते. आता हा फणस लावला की सुटलेच मी. वाटच नाही म्हटल्यावर जायचं कुठून?

ठेव ती कुदळ. नको खणू आणखी. ह्यांना काय लिहायचं ते मी लिहीन. नि तिकडे जाऊन एक अक्षर बोलायचं नाहीस, समजलं? — म्हणजे, बोल हवं तर... नको. तू नको. पडवीत आहेत का रे त्या? बघ जरा, तू उंच आहेस. आहेत? एकट्याच? तांदूळ निवडतायत?

बरं. तू नीघ आता, गुणाजी. हातपाय धू, आणि जा घरी. उरलेलं उद्या. — अरे, जा म्हणते ना!