परीक्षेच्या दिवशी लावलेला कौल

ऐका गं, आमच्या सुप्रियाचा ब्युटी पार्लरचा कोर्स संपत आला होता. केस कापायची परीक्षा त्या दिवशी अकरा वाजता, आणि जिचे केस कापायचे ती मैत्रीण सकाळीच फोनवर म्हणाली, “श्रावण लागलाय, सासूबाई नको म्हणतात.”

सुप्रिया माझ्या वेणीकडं बघायला लागली. पण पोरीला नोकरी लागेपर्यंत केसांना कात्री लावणार नाही, असं मीच देवीला बोलले होते!

“आई, पास झाले तरच नोकरी लागेल की!”

शेवटी देवीला कौल लावला. मूर्तीला ओलं फूल चिकटवलं. उजवीकडं पडलं तर होकार. फूल हलेचना. दारात रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. तेवढ्यात सुप्रियानं पंखा फुल्ल केला.

“अगं, कौलाला पंखा लावतात व्हय?”

“देवीला उकडत असंल की!”

फूल उडालं, ते ना उजवीकडं, ना डावीकडं. थेट माझ्या पदरात. सुप्रियाचा चेहरा उतरला.

म्हटलं, “वेडे, देवीनं ओटी भरली माझी! कात्री घे आणि चल लवकर, ती पंख्याचं विचारायच्या आत.”