सावलीतला बाक

व्हिसाच्या रांगेत बाकावर बसलेल्या शिलाईवालीच्या मांडीवर नवऱ्याचं हेल्मेट, मुलाची बॅग आणि दोन पिशव्या होत्या. बापलेक चहाला गेले होते. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, पुन्हा चीन? मागच्या वर्षीच भिंत पाहून आलात ना?”

“तुमचे दादा पाहून आले. मी खाली बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसले होते.”

“अगंबाई! आणि ते अंगकोर वट?”

“दारापर्यंत गेले. वर चढणाऱ्यांनी जाकिटं, बाटल्या, टोप्या माझ्या हवाली केल्या. म्हणे, तू बस निवांत, गुडघे दुखतील. माझे गुडघे कधी दुखलेत हो, वन्सं?”

“पण फोटोत तर दिसता सगळीकडे.”

“दिसते की! पिशव्यांसकट.”

“मग फुजी डोंगरही हुकला म्हणायचा.”

“छे, तो बाकावरूनही दिसला बिचारा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.”

“आणि आता? दादाला घरीच ठेवणार की काय?”

“घरी कशाला? येऊ देत. गुडघे त्यांचेच दुखतात, कबूल करत नाहीत एवढंच. या वेळी भिंतीवर मी चढणार. त्यांच्यासाठी बाक माझ्या पाहण्यातला आहे, छान सावलीतला.”

तेवढ्यात शिलाईवालीचा नवरा परतला.

“आपला नंबर आला. तू बस सामानापाशी, मी खिडकीवर जाऊन येतो.”

“तुम्ही बसा,” म्हणत तिने हेल्मेट, बॅग आणि दोन्ही पिशव्या त्याच्या हातात दिल्या. “मी जाऊन येते.”